घडीतून घडणारी कला

किराणा मालाच्या दुकानांत प्लॅस्टिकच्या पिशव्या येण्यापूर्वीची गोष्ट. दुकानदार जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा घेई, त्यावर जिरे किंवा मोहरी ठेवी आणि बघता बघता पुडी बांधी. त्या पुडीला दोरा नसे की डिंक नसे. शेवटचे टोक पहिल्या घडीत खोवले की ती पक्की होई. वैद्यही औषधाचे चूर्ण अशाच पुड्यांतून देत असत. पावसाच्या पाण्यात मुले सोडत ती होडीही याच जातीची. कागद न कापता, न चिकटवता, केवळ घड्या घालून त्याला आकार देण्याच्या या कृतीला जपानमध्ये एका समृद्ध कलेचे रूप मिळाले. ती कला म्हणजे ओरिगामी.

जपानी भाषेत ‘ओरी’ म्हणजे घडी घालणे आणि ‘कामी’ म्हणजे कागद. कागद तयार करण्याची विद्या चीनमधून इसवी सनाच्या सातव्या शतकापर्यंत जपानमध्ये पोहोचली. त्या काळी कागद महाग होता. त्यामुळे घडीकामाचा उपयोग प्रामुख्याने धार्मिक विधी आणि समारंभ यांपुरताच होत असे. आपल्याकडेही कागद हाताने तयार होई. दौलताबादच्या किल्ल्याजवळील कागजीपुरा हे गाव त्यासाठी प्रसिद्ध होते. कागद स्वस्त झाला, तसा तो जपानमध्ये मुलांच्या आणि हौशी कलावंतांच्या हाती आला. १७९७ साली तेथे केवळ कागदी क्रौंच पक्ष्यांच्या रचना शिकवणारे एक पुस्तक छापले गेले.

विसाव्या शतकात अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांनी या कलेला नवे वळण दिले. तरुणपणी ते कारखान्यात काम करीत आणि सहकाऱ्यांना भूमिती समजावून सांगण्यासाठी कागदाच्या घड्यांचा उपयोग करीत. पुढे त्यांनी तुटक रेषा, बाण अशा खुणांची एक चित्रलिपी रूढ केली. त्यामुळे जपानी भाषेचा एक शब्दही न जाणणारा वाचक आकृत्या पाहून तीच कलाकृती घडवू शकतो. संगीताला स्वरलिपी लाभावी, तसे हे झाले.

जपानमध्ये क्रौंच हा दीर्घायुष्याचे प्रतीक मानला जातो. एक हजार कागदी क्रौंच करणाऱ्याची इच्छा पूर्ण होते, अशीही तेथे श्रद्धा आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमा शहरावर अणुबाँब पडला, तेव्हा सदाको सासाकी ही मुलगी अवघी दोन वर्षांची होती. ती त्या वेळी बचावली. पुढे ती शाळेत धावण्याच्या शर्यतीत चमकू लागली. परंतु १९५५ च्या फेब्रुवारीत तिला रक्ताच्या कर्करोगामुळे रुग्णालयात दाखल करावे लागले. बरे होण्याच्या आशेने तिने क्रौंच करायला घेतले. चांगला कागद मिळेना, तेव्हा औषधांची वेष्टनेही तिने वापरली. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला, वयाच्या बाराव्या वर्षी, तिचे निधन झाले. तिच्या वर्गमित्रांनी ते दुःख मनात कोंडून ठेवले नाही. त्यांनी देशभरातून निधी जमवला आणि १९५८ साली हिरोशिमाच्या शांती उद्यानात बालकांचे स्मारक उभे राहिले. आजही जगभरातील मुले तेथे कागदी क्रौंच पाठवतात. सदाकोची इच्छा पूर्ण झाली नाही. पण औषधाच्या वेष्टनातून घडलेला तो पक्षी शांततेची खूण बनला.

ही कला भूमितीचीही सखी आहे. १८९३ साली मद्रास येथे टी. सुंदर राव यांचे कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. बालवाडीतील मुलांना दिल्या जाणाऱ्या रंगीत चौकोनी कागदांवरून त्यांना त्याची कल्पना सुचली होती. फेलिक्स क्लाइन या जर्मन गणितज्ञाने या पुस्तकाची दखल घेतली आणि १९०१ मध्ये ते अमेरिकेत पुन्हा छापले गेले.

त्या पद्धतीचा अनुभव घेण्यासाठी एक चौरस कागद घ्या. त्याच्या खालच्या कोपऱ्यांना अ आणि ब म्हणा. अ वर ब ठेवून उभी घडी घाला आणि कागद उलगडा. आता अ कोपरा स्थिर ठेवून ब कोपरा उचला आणि मधल्या घडीच्या रेषेला टेकवा. जेथे तो टेकेल, तो बिंदू प. अप ही कागदाचीच बाजू असल्याने ती अब एवढी आहे. प हा मधल्या रेषेवर असल्याने अ आणि ब पासून सारख्याच अंतरावर आहे. म्हणून अ, ब, प हा समभुज त्रिकोण झाला. मोजपट्टी नाही, कंपास नाही, तरी साठ अंशांचा कोन हाती आला!

पुण्यातील आयुका या संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवले; जुन्या वर्तमानपत्रालाही त्यांनी खेळण्यांचे रूप दिले. घडीचे तत्त्व आता अंतराळातही पोहोचले आहे. कोर्यो मिउरा या जपानी शास्त्रज्ञाने शोधलेल्या घडीने दुमडलेले सौरपटल १९९५ साली अवकाशात उलगडले गेले.

ओरिगामीत पहिली घडी सुतभर चुकली, तर दहाव्या घडीला ती चूक ठळकपणे दिसते. तेव्हा कागद उलगडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मराठीत आपण ‘संसाराची घडी बसली’, ‘कामाची घडी विस्कटली’ असे म्हणतो. विस्कटलेली घडी न रागावता पुन्हा बसवता येते, ही शिकवण एक साधा कागद देत असतो.

शब्दार्थ
क्रौंच – एक लांब मानेचा पक्षी
वेष्टन – गुंडाळण्याचा कागद
सुतभर – अगदी थोडे

स्वाध्याय
१. योशिझावा यांच्या चित्रलिपीची तुलना स्वरलिपीशी का केली आहे?
२. सदाकोच्या वर्गमित्रांच्या कृतीविषयी तुमचे मत लिहा.
३. ‘घडी’ या शब्दाचे तीन वेगवेगळे अर्थ वाक्यांत उपयोग करून सांगा.
४. घरातील वडीलधाऱ्यांकडून पुडी बांधायला शिका आणि त्या कृतीच्या पायऱ्या क्रमाने लिहा.