ग्रीसच्या बेटावर जाणाऱ्यांस

आमच्या ओळखीच्या दोन कुटुंबांनीं ग्रीसच्या बेटांवर जाण्याचा बेत केला आहे. मी तेथें जाऊन आलेला, म्हणून तीं मंडळी मजकडे विचारपूस करावयास येतात. उतरावयाच्या जागा व समुद्रकिनारे यांची माहिती त्यांस माझ्यापेक्षां अधिक आहे. परंतु वाऱ्याविषयीं कोणीच विचारीत नाहीं, आणि मला तर प्रथम वाऱ्याविषयींच बोलावयाचें असतें.

जुलै व ऑगस्ट या महिन्यांत ईजियन समुद्रावर उत्तरेकडून जो कोरडा वारा वाहतो, त्यास तेथील लोक मेल्तेमी म्हणतात. प्राचीन ग्रीक त्यास ‘एतेसियाई’, म्हणजे वार्षिक वारे, म्हणत. त्यांतील वर्षवाचक ‘एतॉस्’ आणि आपल्या ‘संवत्सरां’तील ‘वत्सर’ हे एकाच मूळचे शब्द होत. हें ध्यानीं येऊन मला जो आनंद झाला, तो त्या वाऱ्यानें फार दिवस टिकूं दिला नाहीं. आकाश निरभ्र, ऊन लख्ख, पावसाचें चिन्हही नाहीं. आणि बंदरावर सूचना लागते कीं, आज बोट सुटणार नाहीं! वारा ८ बोफोर्टच्या घरांत गेला म्हणजे बंदराचे अधिकारी बोटींस निघण्याची मनाई करितात. लहान व वेगवान बोटी बहुधा त्याआधींच थांबतात.

आमचा मुलगा जर्मनीस असतो. त्याच्या रजेच्या सोयीनें आम्ही ऑगस्टमध्यें नॅक्सॉस बेटावर गेलों. परतीची बोट सकाळची, आणि अथेन्सहून विमान त्याच रात्रीचें. कागदावर हिशेब बिनचूक होता. बोट मात्र दोन दिवस निघाली नाहीं. विमान गेलें, त्याचे पैसेही गेले. पण त्याहून वाईट म्हणजे आमच्या कुटुंबाच्या रक्तदाबाच्या गोळ्या दिवस मोजून आणलेल्या, त्या दुसऱ्या सकाळीं संपल्या. हिरव्या क्रॉसच्या पाटीवरून औषधाचें दुकान सांपडलें; परंतु आपल्याकडील गोळीचें व्यापारी नांव तेथें कोणास ठाऊक असणार? डॉक्टरांची चिठ्ठी पुण्यास कपाटांत! शेवटीं मुलीनें तिचें छायाचित्र फोनवर पाठविलें, त्यावरील औषधाचें मूळ नांव दुकानदारानें वाचलें आणि गोळ्या मिळाल्या. तोंवर दुपार झाली होती. थीसियसनें ॲरिॲड्नीला याच बेटावर टाकून दिलें अशी कथा आहे. धक्क्यावर बसून मला तिची फार आठवण झाली.

तेव्हां विमानाच्या आदली रात्र अथेन्सलाच काढावी. वारा जोराचा असल्यास आणखी एक दिवस हातीं ठेवावा. औषधें आठवड्याचीं अधिक न्यावीं व चिठ्ठी जवळ असावी. शक्य तर मे-जून किंवा सप्टेंबर हे महिने निवडावे. सप्टेंबरांत समुद्राचें पाणीही ऊबदार असतें. पिरीअसहून नॅक्सॉसला मोठ्या बोटीनें सुमारें पांच तास लागतात. वेगवान बोटीपेक्षां ती स्वस्त, आणि म्हाताऱ्या माणसाच्या पोटास मानवणारी. आठ दिवसांत चार बेटें करण्याचा हव्यास धरूं नये.

आतां अन्नाविषयीं. शाकाहारी मनुष्य तेथें उपाशी राहत नाहीं. ग्रीक ख्रिस्ती लोकांचे उपवास पुष्कळ; त्या दिवसांच्या अन्नास ‘नीस्तीसिमा’ म्हणतात, आणि त्यांत मांस, अंडीं, दूध कांहींच नसतें. मात्र शिंपले व माकुलें त्यांच्या उपवासास चालतात, हें विसरूं नये! ‘फावा’ म्हणजे पिवळ्या डाळीचें घट्ट वरणच, वर ऑलिव्हचें तेल व कच्चा कांदा. ‘होर्ता’ म्हणजे उकडलेली पालेभाजी, लिंबू पिळलेली. नॅक्सॉसचे बटाटे तर सर्व ग्रीसमध्यें नांवाजलेले आहेत. पण एक शब्द घोकून जावें. ग्रीकमध्यें ‘ने’ म्हणजे होय, आणि ‘ओही’ म्हणजे नाहीं. एका खाणावळींत मीं मोठ्या ऐटीनें ग्रीकमध्येंच विचारलें, “यांत मांस आहे काय?” वाढप्या म्हणाला, “ने.” आमच्या कुटुंबानें तें ‘नाहीं’ असें ऐकून ताट पुढें ओढलें. मुलगा वेळेवर ओरडला, म्हणून बरें.

पाहण्यासारखें पुष्कळ आहे. बंदराशेजारीं अपोलोच्या अपूर्ण देवळाचा प्रचंड संगमरवरी दरवाजा इ. स. पूर्वीं सहाव्या शतकापासून उभा आहे. उत्तरेस अपोलोनास गांवाजवळील खाणींत दहा मीटरांहून लांब असा अर्धवट घडविलेला पुतळा तसाच पडलेला आहे. आणि हंगामांत नॅक्सॉसहून बोटीनें डेलॉसला अवश्य जावें. अथेन्सच्या लोकांनीं इ. स. पूर्वीं ४२६ मध्यें तेथील सर्व थडगीं उकरून हलविलीं आणि यापुढें या पवित्र बेटावर कोणीं जन्मूं नये व मरूंही नये असा नियम केला. आजही पाहुण्यांस तेथें रात्रीं राहतां येत नाहीं. सावली जवळजवळ नाहींच. पाणी बरोबर न्यावें. टोपी हनुवटीखालीं बांधतां येईल अशीच असावी. माझी डेलॉसच्या धक्क्यावरून उडाली ती समुद्रांत गेली.