नव्या कॅमेऱ्याची पारख

नवा डिजिटल कॅमेरा घरी आला, की त्याची पहिली परीक्षा बहुधा त्याच संध्याकाळी, दिवाणखान्यातील मंद दिव्याच्या उजेडात, तो हातात धरूनच घेतली जाते. आणि मग ते छायाचित्र संगणकाच्या पडद्यावर इतके मोठे करून न्याहाळले जाते की नातवंडाच्या गालावर रंगीत ठिपके दिसू लागतात, पापणीचे केस एकमेकांत मिसळलेले आढळतात, आणि एवढी रक्कम मोजून घेतलेली वस्तू सदोष निघाली की काय, अशी धास्ती मनात घर करते. ही धास्ती सर्वस्वी निराधार असते असे म्हणता येणार नाही, कारण सदोष लेन्स कारखान्यातून बाहेर पडतात आणि त्या वेळीच ओळखून परत करणे हा ग्राहकाचा हक्कच आहे. तथापि अशा घाईच्या तपासणीत कॅमेऱ्याच्या माथी मारले जाणारे बहुतेक दोष वास्तविक प्रकाशाच्या तुटवड्याचे, हाताच्या कंपाचे किंवा पाहण्याच्या पद्धतीचे असतात, आणि कोणता दोष कोणाच्या खाती मांडावयाचा हे ठरविल्यावाचून प्रतिमेच्या गुणवत्तेविषयी दिलेला निवाडा अन्यायाचा ठरतो.

प्रथम पाहण्याच्या पद्धतीचा विचार करू. २४ मेगापिक्सेलचे छायाचित्र म्हणजे आडवे ६००० आणि उभे ४००० बिंदू. ज्या साध्या पडद्यावर एका इंचात सुमारे ९६ बिंदू मावतात, त्यावर हे चित्र 'शंभर टक्के' आकारात उघडले, तर संपूर्ण चित्राची रुंदी पाच फुटांहून अधिक होते. पडद्यावर त्याचा एक तुकडाच दिसत असल्यामुळे हे आपल्या ध्यानात येत नाही, आणि पाच फुटी चित्राला दीड-दोन फुटांवरून नाक लावून आपण त्याचे गुणदोष मोजत बसतो. तेच चित्र १२ बाय १८ इंचांच्या कागदावर छापले, तर एका इंचात ३३३ बिंदू येतात. निरोगी डोळा साधारणपणे एका कलेएवढ्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनातील भेद ओळखतो, आणि हातभर अंतरावरच काय, ३० सेंटिमीटरवरूनही ही मर्यादा इंचाला तीनशे बिंदूंच्या आतच येते. सबब त्या कागदावर डोळ्याला जे दिसू शकते ते सर्व अवतरलेले असते.

याच कारणास्तव जुन्या १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याशी नव्या ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची तुलना शंभर टक्के आकारात करणाऱ्याला नवा कॅमेरा उणा वाटण्याचा संभव असतो, कारण नव्याचे चित्र त्या वेळी जवळजवळ दुप्पट मोठे होऊन समोर आलेले असते आणि त्यासोबत त्याचे दोषही मोठे झालेले असतात. दोन कॅमेऱ्यांची रुजुवात घालावयाची, तर दोन्ही चित्रे एकाच आकाराची करूनच घातली पाहिजे. शिवाय मेगापिक्सेल हे क्षेत्रफळाचे माप असल्यामुळे बारकावा खऱ्या अर्थाने दुप्पट होण्यास ही संख्या चौपट व्हावी लागते. १२ चे २४ झाले म्हणजे लांबीच्या मापाने वाढ होते ती फक्त सुमारे ४१ टक्क्यांची. १९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी बनविलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यात अवघे दहा हजार बिंदू होते, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. त्या काळी बिंदूंची संख्या हाच खरा प्रश्न होता. आज तो बहुतांशी सुटलेला आहे, आणि जाहिरातींत त्या आकड्याला अद्याप मिळणारे अग्रस्थान मला अवाजवी वाटते.

आता त्या गालावरील ठिपक्यांकडे वळू. पावसाचे पहिले तुरळक थेंब अंगणातील शहाबादी फरश्यांवर पडतात, तेव्हा एका फरशीवर चार थेंब तर शेजारच्या फरशीवर नऊ अशी विषमता दिसते, आणि मुसळधार सर कोसळली की ती विषमता नजरेआड होते. सेन्सरवर पडणाऱ्या प्रकाशकणांचेही वर्तन याच प्रकारचे असते. एका बिंदूवर सरासरीने दहा हजार कण पडत असतील तर त्यांतील स्वाभाविक चढउतार शंभराचा, म्हणजे एक टक्का असतो. शंभरच कण पडत असतील तर तो दहाचा, म्हणजे दहा टक्के होतो. हा निसर्गाचा नियम असून कोणत्याही कारखानदाराला तो चुकविता येत नाही. आयएसओ वाढविल्याने प्रकाश वाढत नाही. आलेल्या तोकड्या संकेताला कॅमेरा वाढवून दाखवितो, आणि चढउतारही त्याबरोबर वाढलेले दिसतात. मोठ्या सेन्सरचे माहात्म्य येथेच आहे. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरचे क्षेत्रफळ खिशात मावणाऱ्या सामान्य कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या जवळजवळ तीसपट भरते, आणि लेन्सचे ॲपर्चर व शटर स्पीड समान असता प्रकाशही त्याच प्रमाणात अधिक गोळा होतो. सबब दिवाणखान्यातील संध्याकाळच्या चित्रात दाणे दिसले, एवढ्यावरून कॅमेऱ्याविरुद्ध फिर्याद उभी राहत नाही. तेच चित्र दिवसा खिडकीशी, आयएसओ १०० वर घेऊन पाहावे, आणि तेथेही दाणे दिसले तर मग अवश्य शंका घ्यावी.

याच ओघात आणखी एक गोष्ट समजून घेणे इष्ट आहे. कॅमेऱ्यातून बाहेर पडणारी जेपेग फाइल ही सेन्सरने पाहिलेली मूळ वस्तू नव्हे. कोडॅकमधीलच ब्राइस बेयर यांनी १९७६ साली पेटंट मिळविलेल्या रचनेनुसार बहुतेक सेन्सरांतील प्रत्येक बिंदू तांबडा, हिरवा व निळा यांपैकी एकाच रंगाची नोंद करतो. निम्मे बिंदू हिरव्यासाठी आणि पाव-पाव भाग उरलेल्या दोन रंगांसाठी राखलेले असतात, व प्रत्येक बिंदूचे उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून गणिताने अनुमानिले जातात. त्यानंतर कॅमेरा स्वतःच्या मताने दाणे पुसतो, कडा उठावदार करतो, रंग गडद करतो. दाणे पुसण्याची ही क्रिया अति झाली की गवत, केस, लोकरीचे विणकाम यांचा पोत मेणासारखा गुळगुळीत होतो, आणि कडा उठविण्याची क्रिया अति झाली की आकाशासमोरील फांदीभोवती पांढरी रेघ उमटते. म्हणून परीक्षा घेताना रॉ फाइलही जरूर साठवावी. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. कॅमेऱ्याची खरी ऐपत तेथे कळते.

लेन्सची खातरजमा करण्यासाठी मात्र कोणत्याही महागड्या तक्त्याची गरज नाही. मराठी वृत्तपत्राची पाच पाने घ्यावीत, शक्यतो छोट्या जाहिरातींची, कारण तेथील अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरांतील बारीक वळणे याहून कठोर परीक्षक शोधून सापडावयाचा नाही. एक पान भिंतीच्या मध्यभागी आणि चार पाने अशी लावावीत की ती चित्राच्या चार कोपऱ्यांत येतील. कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंतीशी समांतर. दिवसाचा सम प्रकाश. आयएसओ सर्वांत कमी. ॲपर्चर एफ ५.६ किंवा एफ ८. कंपरोधक यंत्रणा बंद. आणि बटण दाबताना धक्का बसू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. फोकस दरवेळी नव्याने, मधल्या पानावर, पडद्यावरील चित्र मोठे करून साधावा, आणि एकाच चित्रावर विसंबून न राहता चार-सहा घ्यावीत. मध्यभागापेक्षा कोपरे किंचित मऊ असणे हा दोष नव्हे, पण चारही कोपरे सारखे मऊ असावयास हवेत.

एकच बाजू ठळकपणे अस्पष्ट असली, तर प्रश्न उभा राहतो की कॅमेरा तिरका लागला होता, की लेन्समधील एखादे भिंग आपल्या जागेवरून ढळलेले आहे. याचा निकाल लावण्याची युक्ती मला फार समाधानकारक वाटते, कारण तिच्यात वादाला जागाच उरत नाही. भिंत तशीच ठेवून कॅमेरा उलटा, म्हणजे डोके खाली करून लावावा आणि पुन्हा चित्र घ्यावे. अस्पष्टता भिंतीवरील त्याच पानावर राहिली तर मांडणी तिरकी होती. ती विरुद्ध बाजूच्या पानावर सरकली तर दोष लेन्सचा आहे, आणि ती लेन्स विनासंकोच परत करावी.

एफ १६ च्या पलीकडे ॲपर्चर बारीक केल्यास प्रकाशाच्या विवर्तनाने प्रत्येक चित्र थोडे मऊ होतेच, आणि बारीक विणीच्या वस्त्रावर प्रसंगी लाटांसारखी नक्षी उमटते. ही दोन्ही लक्षणे पाहून घाबरू नये.

रंगाची परीक्षा झेंडूच्या फुलांवर घ्यावी. दसऱ्याच्या तोरणातील केशरी झेंडू कित्येक छायाचित्रांत पाकळ्यांवाचूनचा सपाट गोळा दिसतो, याचे कारण तांबड्या रंगाची नोंद इतर दोन रंगांच्या पुष्कळ आधी काठोकाठ भरते, आणि तीनही रंगांचा एकत्रित हिस्टोग्राम पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. रंगांचे हिस्टोग्राम वेगवेगळे दाखविण्याची सोय कॅमेऱ्यात असल्यास ती चालू करावी, आणि उजेड थोडा कमी नोंदवून पाहावा. पाकळ्या परत आल्या तर कॅमेरा निर्दोष आहे. तसेच पांढरेशुभ्र धोतर करडे आणि काळ्या पाषाणाची मूर्ती फिकट आली, तर तो सेन्सरचा दोष समजू नये, कारण प्रकाशमापक समोरची प्रत्येक वस्तू मध्यम करड्या तेजाची आहे असेच धरून चालतो, आणि ती दुरुस्ती छायाचित्रकाराने करावयाची असते.

माझ्या मते सर्वांत निर्णायक कसोटी छायाप्रकाशाची आहे. जुन्या वाड्याच्या ओसरीवर बसलेल्या माणसाचा चेहरा आणि त्याच्यामागे चौकात पडलेले दुपारचे ऊन, हे दोन्ही एकाच चित्रात साठवून पाहावे. चौकातील उजेड जळून जाणार नाही इतकेच चित्र उजळ घ्यावे, आणि नंतर रॉ फाइलमधील सावली उजळून चेहऱ्याचा वर्ण, त्यावरील सुरकुत्या, डोळ्यांतील तेज कितपत हाती लागते हे तपासावे. आपल्याकडचे ऊन, आपल्याकडचे सावळे चेहरे आणि आपल्याकडच्या घरांतील गर्द सावल्या यांना न्याय देणारा कॅमेरा बिंदूंच्या संख्येत मागे असला तरी मी तोच पत्करीन. अर्थात घराण्यातील मोडी कागद टिपून ठेवू इच्छिणाऱ्याला कोपऱ्यापर्यंतची रेखीवता अधिक मोलाची वाटेल, आणि अंधारलेल्या मंगल कार्यालयात लग्ने टिपणाऱ्याला उच्च आयएसओवरील वर्तन. आपले काम कोणते, याचा उलगडा आधी झालेला असावा.

या सर्व चाचण्या वस्तू परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी उरकाव्यात, पावती आणि खोके तोवर सांभाळून ठेवावे, आणि दोष निघाल्यास मूळ फायली जोडून तक्रार लेखी द्यावी. दोष न निघाल्यास आपल्या आवडीचे एक छायाचित्र १२ बाय १८ आकारात छापून घ्यावे, दिवसाच्या उजेडात हातभर अंतरावरून पाहावे, आणि कॅमेऱ्याविषयीचे मत त्या कागदावरून ठरवावे.