उभ्या गाडीचे म्हातारपण

पुण्यात पेठांमधल्या एखाद्या बोळात किंवा जुन्या सोसायटीच्या आवारात अजूनही कव्हर घातलेली फियाट उभी दिसते. तिच्या मालकाची तक्रार ठरलेली असते: 'आठवड्यातून एकदा मंडईपर्यंत नेतो, बाकी उभीच असते. तरी दरवर्षी काही ना काही निघतेच.' गाडी फारशी चाललीच नाही, तर ती खराब कशी झाली? हा प्रश्न आपण विज्ञानाच्या अंगाने पाहू.

ही गाडी मूळची इटलीची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात ती तयार होत असे. १९६४ पासून 'फियाट ११०० डी' आणि १९७०च्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' अशी तिची नावे बदलली. १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन मात्र तेच राहिले. २०००च्या सुमारास उत्पादन थांबले. म्हणजे आज त्यातली सर्वांत तरुण गाडीही पंचवीस वर्षांच्या आसपास आहे.

दोन घड्याळे

गाडीचे वय दोन घड्याळांवर मोजावे लागते. पहिले घड्याळ किलोमीटरचे. पिस्टनच्या रिंगा, क्लचप्लेट, ब्रेकचे लायनर हे भाग घर्षणाने झिजतात. गाडी उभी असली की त्यांची झीजही थांबते. दुसरे घड्याळ दिनदर्शिकेचे. रबर, गाडीतील द्रव आणि पत्रा यांच्यात रासायनिक बदल होत असतात. ते गाडी उभी असतानाही चालूच राहतात. कमी वापराच्या जुन्या गाडीचे बहुतेक आजार या दुसऱ्या घड्याळाचे असतात.

रबराचेच पाहा. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन, जोडीला ऊन, यांच्यामुळे रबराच्या लांब रेणूंमध्ये बदल होतात. काही साखळ्या तुटतात, काही एकमेकींशी जास्त घट्ट बांधल्या जातात. रबर कडक होते आणि त्याला भेगा पडतात. म्हणून टायरची नक्षी नव्यासारखी दिसत असूनही त्याच्या बाजूंना चिरा गेलेल्या आढळतात. रेडिएटरचे होज, फॅनबेल्ट आणि ब्रेकच्या सिलिंडरमधील रबरी वायसर यांचीही हीच गत होते.

झाकणातले रबर आणि इंजिनचे हेड

समुद्रसपाटीवर पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. उंची दर ३०० मीटरने वाढली की उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, म्हणून येथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. रेडिएटरचे झाकण आतला दाब वाढवून, प्रेशर कुकरप्रमाणेच, हा बिंदू वर नेते. आतला एकूण दाब दीड वातावरण असेल, तर पाणी सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही. पण झाकणातली रबरी चकती कडक झाली की दाब टिकत नाही आणि खंबाटकीचा घाट चढताना पाणी उकळू लागते.

तसेच गाडी दामटली, तर खर्च कुठे जातो? फियाटचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. सारख्याच उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. तापमान ८० अंशांनी वाढले, तर ३० सेंटिमीटर लांबीचे ॲल्युमिनियम सुमारे अर्धा मिलिमीटर वाढते; बीड मात्र पाव मिलिमीटर. एवढा फरक जमेस धरूनच इंजिन बनवलेले असते. त्यापलीकडे तापले की हेड वाकते आणि गॅस्केट जळते. किरकोळ किमतीचे झाकण बदलले नाही म्हणून इंजिन उघडण्याची वेळ येते.

ब्रेकमध्ये शिरलेले पाणी

आतापर्यंतचा प्रश्न पैशांचा होता, आता जिवाचा. आपण ज्याला 'ब्रेक ऑइल' म्हणतो ते खनिज तेल नसते. ते ग्लायकोल वर्गातील द्रव असते आणि हवेतले बाष्प शोषून घेते. डॉट-३ प्रतीच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो. त्यात पावणेचार टक्के पाणी मुरले की तो १४० अंशांपर्यंत येऊ शकतो. आपल्याकडील पावसाळे लक्षात घेता, हे पाणी शिरायला गाडी चालवावी लागत नाही.

आता हिशेब करू. गाडी सुमारे ९०० किलोची, माणसे व सामान ३०० किलो. ती ३०० मीटर खाली उतरली तर १२०० × ९.८ × ३००, म्हणजे सुमारे ३५ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. तेवढ्यात दहा लिटर थंड पाणी उकळीला येईल. गाडी बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये उतरवली, तर या ऊर्जेचा मोठा भाग ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णतेच्या रूपात जातो. द्रव उकळून वाफ झाली की पेडल थेट खाली जाते, कारण द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलणे आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरणे, हे यावरचे साधे उपाय.

पत्रा आणि पेट्रोल

फियाटला वेगळी चासी नाही; पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. दारांच्या खालची पाणी निचऱ्याची भोके चिखलाने बुजली की ओल आत राहते आणि गंज धरतो. पावसाळ्यानंतर ही भोके तारेने साफ करायला काही खर्च येत नाही. कुजलेला पत्रा कापून वेल्डिंग करायला मात्र बराच येतो.

अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुने रबरी पाइप आणि पंपातील पडदा त्यासाठी बनवलेले नव्हते. तेव्हा त्यांची तपासणी वारंवार करावी.

खर्चाचा हिशेब

उदाहरणादाखल समजा, दिनदर्शिकेमुळे होणारा खर्च वर्षाला १२,००० रुपये आणि झिजेचा खर्च किलोमीटरला २ रुपये आहे. वर्षात १,००० किलोमीटर चालवली तर दर किलोमीटरला १४ रुपये पडतात. ६,००० चालवली तर ४ रुपये. पेट्रोल वेगळे. शिवाय पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण आहेच. १ एप्रिल २०२२ रोजी मोटारीसाठी ते शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले होते. तेही गाडी उभी असली तरी भरावेच लागते.

म्हणून 'किती चालली?' एवढेच विचारून गाडी गॅरेजला नेऊ नये. होज, पट्टा, झाकण, ब्रेक ऑइल, कूलंट या प्रत्येकापुढे बदलल्याची तारीख लिहिलेली एक वही गाडीत असावी.

वर्गात हे करून पाहता येईल. सारखी सहा रबरबँड घ्या. दोन ताणून उन्हात ठेवा, दोन ताणून सावलीत आणि दोन सैल अवस्थेत बंद डब्यात. दर आठवड्याला निरीक्षणे नोंदवा. भेगा प्रथम कोणत्या जोडीला पडतात, आणि कुणीही न वापरता त्या का पडतात, हे विद्यार्थ्यांनाच विचारा.