सिनेमाही पारखून घ्या



मे महिना सरत आला की मी गावोगाव एकच गोष्ट सांगत फिरतो. घरचे सोयाबीन पेरणार असाल तर पोत्यातले शंभर दाणे मोजून घ्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि आठवड्याने उघडून पाहा. ७० किंवा त्याहून जास्त दाण्यांना चांगले कोंब आले तर बी खुशाल पेरा. कमी आले तर एकरी बियाणे वाढवा, नाहीतर बी बदला. या चाचणीला पदवी लागत नाही. घरातली आजीसुद्धा ती करते.

एका गावी ही चाचणी सांगून झाली, तशी मागे बसलेली एक वयस्क काकू म्हणाली, "साहेब, बी तपासायचं सांगता ते बरंच आहे. पण पोरं रोज मोबाइलवर शिनेमे बघतात, त्याची उगवण कुणी तपासायची?" सगळे हसले, मीही हसलो. पण मोटारसायकलवरून घरी येईपर्यंत तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. हा लेख म्हणजे त्या काकूंना माझे उत्तर समजा.

मी सिनेमाचा जाणकार नव्हे. शेतकीची पदवी घेतली आणि तेव्हापासून बांधावरच फिरतो आहे. लहानपणी जत्रेतल्या तंबूत पोते अंथरून दादा कोंडक्यांचे सिनेमे पाहिले. रीळ तुटले की अख्खा तंबू शिट्ट्या मारायचा. वर्षाकाठी दोन-तीन सिनेमे बघायला मिळत आणि त्यावर सहा महिने बोलणे चाले. आता सिनेमा खिशात आला आहे. माल थोडा होता तेव्हा निवडीचा प्रश्न नव्हता. माल उदंड झाला की पारख लागते, मग ते बियाणे असो की सिनेमा.

चार साधे प्रश्न

सिनेमा संपल्यावर घरात बसून एवढे चार प्रश्न एकमेकांना विचारावेत.

पहिला : या सिनेमात पोटापाण्याचे काम कोण करतो आणि ते काम खरे वाटते का? नायक शेतकरी असेल तर त्याच्या अंगावर घाम आणि हाताला माती दिसते का?

दुसरा : पैसा कुठून येतो? बापाचे घर कशावर चालते, कर्ज किती, हे कळते का? की घर आपले आपोआप चालते?

तिसरा : घरातल्या बायांना बोलायला जागा आहे का? की त्या फक्त नाचायला आणि रडायला आहेत?

चौथा : भांडण मिटते कसे? विचाराने, कायद्याने, चार माणसांत बसून, की एकट्या नायकाच्या ठोशाने?

चारही प्रश्नांत उत्तीर्ण होणारा सिनेमा क्वचितच सापडेल. शंभरच्या शंभर दाणे तरी कुठे उगवतात? पण कोणता दाणा पोकळ आहे हे माहीत असले म्हणजे फसगत होत नाही. आता आपण सर्वांनी पाहिलेले काही सिनेमे या चाळणीतून काढू.

'सैराट' : पोरांनी अर्धाच पाहिला

नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ साली आला. त्याला आता बरीच वर्षे झाली, पण मोबाइलवर तो अजून नव्यासारखाच चालतो. करमाळा भागातली माती, केळीची बाग, विहीर, उसाचा फड आणि आपली बोली, सगळे अस्सल आहे. आर्ची ट्रॅक्टर चालवते, बुलेट चालवते आणि कुणाला घाबरत नाही. आपल्या मुलींनी ती डोक्यावर घेतली यात नवल नाही.

माझ्या मते या सिनेमाचे खरे बळ उत्तरार्धात आहे. पळून गेलेली दोन पोरे हैदराबादच्या झोपडपट्टीत राहतात, नळावर पाणी भरतात, एकमेकांवर संशय घेतात, भांडतात आणि हळूहळू संसार उभा करतात. तिथे गाणे नाही की संथ गतीची धावाधाव नाही. कष्ट आहेत. आणि शेवट असा आहे की तंबू असो वा टॉकीज, माणसे मुकाट्याने उठून जात.

उणीव कुठे? पूर्वार्ध इतका गोड केला आहे की पोरांनी तेवढाच उचलला. वरातीत गाणी वाजली, शेवट मात्र कुणी आठवला नाही. हा दोष थोडा दिग्दर्शकाचा असेल, पण जास्त आपला आहे. जातीच्या नावाखाली पोटच्या पोरीचा जीव घेणे म्हणजे काय, हे त्या शेवटाने आपल्याला विचारले होते. किती घरांत त्या रात्री बाप-लेक यावर बोलले?

'बाईपण भारी देवा' : टॉकीज बायांनी भरले

केदार शिंदे यांचा हा सिनेमा जून २०२३ च्या अखेरीस लागला. एकमेकींपासून दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी पुन्हा एकत्र येतात, एवढीच गोष्ट. पण आमच्या तालुक्याच्या गावी पेरणीच्या धांदलीतून वेळ काढून बाया जीप करून आल्या. साठीच्या आजीबाई डोळ्यांना गॉगल लावून फोटो काढत होत्या. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या बायका नायिका होऊ शकतात आणि त्यांच्यावर टॉकीज भरते, हे या सिनेमाने दाखवले. तिसऱ्या प्रश्नात याला पैकीच्या पैकी गुण.

उणीव अशी की दुखणी मोठी आणि औषध लहान. वर्षानुवर्षांचे रुसवे आणि घुसमट खेळ-फुगडीत फार लवकर विरघळून जाते. शिवाय घरे शहरातली आहेत. खुरपणीला जाऊन आल्यावर चुलीपुढे बसणाऱ्या बाईला मंगळागौर खेळायला वेळ कोण देणार, हा प्रश्न आपल्या घरी आपल्यालाच सोडवायचा आहे. सिनेमा बघायला तिला पाठवले, हे चांगले केले. त्या संध्याकाळची भाकरी कुणी थापली, तेही सांगा.

'छावा' : इतिहास आणि करमणूक

लक्ष्मण उतेकर यांचा हा हिंदी सिनेमा फेब्रुवारी २०२५ मध्ये आला. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर तो बेतलेला आहे. विकी कौशलने संभाजीराजांच्या भूमिकेत जीव ओतला आहे आणि अक्षय खन्नाचा औरंगजेब कमी बोलून जास्त धाक घालतो. शेवटचा भाग बघताना दगडालाही पाझर फुटावा. शंभूराजांचे नाव या सिनेमाने देशभर पोचवले, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

पण आवाज आणि तलवारी यांच्या गर्दीत राजा फक्त लढवय्या उरला. 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ लिहिणारे, राज्याचा कारभार पाहणारे शंभूराजे फारसे दिसत नाहीत. येसूबाईंसारखी कर्ती राणी बहुतेक वेळ वाट पाहते आणि डोळे पुसते. आणि शेतकरी म्हणून माझ्या मनात आलेला प्रश्न असा, की पडद्यावर हजारो घोडी धावतात, त्यांचा दाणा-वैरण कुठून येतो? शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना खास पत्र लिहून, रयतेच्या धान्याला आणि भाजीपाल्यालाही फुकट हात लावू नये अशी ताकीद दिली होती. स्वराज्य त्या ताकिदीवरही उभे होते. पण ताकिदीचा प्रसंग पडद्यावर उठून दिसत नाही, लढाईचा दिसतो.

सिनेमा पारखला नाही तर काय होते, याचा धडाही इथेच मिळाला. सिनेमात बुऱ्हाणपूरच्या लुटीचा प्रसंग आहे. मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या पायथ्याला लोक रात्री विजेऱ्या घेऊन सोन्याची नाणी शोधायला शेते खणू लागले. ती शेते कुणाची होती? तुमच्या-माझ्यासारख्यांचीच. शेतातले सोने खरिपाला उगवते, ते कुदळीने रातोरात निघत नाही.

'दशावतार' : प्रश्न खरा, उत्तर सिनेमाचे

सुबोध खानोलकर यांचा 'दशावतार' सप्टेंबर २०२५ मध्ये आला. कोकणातला म्हातारा दशावतारी कलावंत बाबुली दिलीप प्रभावळकरांनी उभा केला आहे, तोही ऐंशी ओलांडल्यावर. आपल्या म्हाताऱ्या माणसांनी तो जरूर पाहावा. लोककला, जंगल, देवराई आणि जमिनीखालच्या खनिजावर डोळा ठेवून आलेली माणसे, हा विषय आपल्या पोटाशी भिडतो. जमीन एकदा खणून गेली की सुपीक मातीचा थर पुन्हा तयार व्हायला कित्येक पिढ्या जातात, हे मी शेतकी खात्याचा माणूस म्हणून सांगतो.

उणीव चौथ्या प्रश्नात आहे. खाणीचे भांडण पडद्यावर एकटा माणूस सोंग घेऊन सोडवतो. खऱ्या गावात ते ग्रामसभेचा ठराव, सात-बारा, हरकतीचा अर्ज आणि कोर्टाच्या तारखा यांनी सुटते. त्यात टाळ्या नसतात, चिकाटी असते. टाळ्या वाजवून घरी आलो आणि ग्रामसभेला गेलो नाही, तर काय उपयोग?

'स्थळ' : ज्याने मला घरी गाठले

शेवटी एका लहान सिनेमाविषयी. जयंत सोमलकर यांच्या 'स्थळ'ला २०२३ साली टोरांटोच्या महोत्सवात पुरस्कार मिळाला आणि मार्च २०२५ मध्ये तो आपल्याकडे लागला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी सविता. तिला शिकायचे आहे, स्पर्धा परीक्षा द्यायची आहे. पण घरी एकामागून एक पाहुणे येतात, ओळीने बसतात, तेच ते प्रश्न विचारतात आणि पोहे खाऊन निघून जातात. नट बहुतेक नवखे, पण एकही खोटा वाटत नाही. कापसाचा भाव आणि पोरीचे लग्न एकाच धाग्यात कसे गुंतलेले असतात, हे इतके नेमके मी दुसरीकडे पाहिले नाही. माझे पहिले तीनही प्रश्न या सिनेमाने सहज पार केले.

सिनेमाच्या सुरुवातीलाच एक उलटा डाव आहे. बाया ओळीने बसल्या आहेत आणि मुलगा दाखवायला आणला आहे. टॉकीजमध्ये सगळे हसले. माझी पत्नी शेजारी बसली होती, ती हसली नाही.

घरी आल्यावर तिला कारण विचारले. ती म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हा तुमच्या मामांनी मला अंगणात चालून दाखवायला सांगितलं होतं. पाय बरोबर पडतात का, ते बघायला. तुम्ही खाली मान घालून पोहे खात होतात."

मला आठवले. आणि त्याहून वाईट आठवले ते असे, की दोनच वर्षांपूर्वी पुतण्यासाठी मुलगी पाहायला मी पुढे होऊन गेलो होतो. शिकलेला, साहेब माणूस म्हणून मला मधोमध बसवले होते आणि "बाळ, उंची किती?" हा प्रश्न मीच विचारला होता. नंतर उंचीचेच निमित्त सांगून आम्ही नकार कळवला. त्या मुलीला आधी किती जणांनी असे विचारले असेल, हा विचार मला तेव्हा शिवला नाही. पत्नीजवळ मी चूक कबूल केली. त्या मुलीची माफी मागायची राहून गेली आहे.

'स्थळ'मध्ये उणीव नाही असे नाही. चाल संथ आहे. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते मुद्दाम आहे हे खरे, पण दिवसभर राबून आलेल्या माणसाला ते कंटाळवाणे वाटू शकते. आणि शेती करतो म्हणून ज्याला मुलगीच मिळत नाही, त्या आपल्या पोराचे दुःख यात पुरेसे येत नाही. त्या पोरांवर कुणीतरी असाच खरा सिनेमा काढावा.

आता घरी काय करावे

पोरांच्या हातून मोबाइल हिसकावू नका. शेजारी बसा आणि महिन्यातून एक सिनेमा सगळ्या घराने मिळून पाहा. संपल्यावर लगेच उठू नका. चार प्रश्न विचारा आणि सर्वांत लहान माणसाला आधी बोलू द्या, नाहीतर तो बापाचे तोंड बघून बोलतो. "चांगला होता" किंवा "बेकार होता" एवढ्यावर सोडू नका, "का?" म्हणून विचारा. कोणता सिनेमा किती कोटींना चालला याची चर्चा पेपरवाल्यांना करू द्या. बाजारात जास्त खपणारे वाण आपल्या जमिनीला मानवतेच असे नाही, हे तुम्हाला मी काय सांगावे?

त्या काकूंना माझे एवढेच सांगणे आहे. काकू, सिनेमाची उगवण गोणपाटात दिसत नाही, ती घरात दिसते. सिनेमा पाहून आल्यावर घरातला एखादा माणूस थोडा वेगळा वागला, तर बी चांगले होते म्हणायचे. पुतण्यासाठी गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा एका घरी गेलो होतो. या वेळी मधोमध माझी पत्नी बसली. तिने मुलीला विचारले, "तुला आमच्या मुलाला काय विचारायचंय?"

मुलीने आधी आईकडे पाहिले. मग तिने विचारले, "शेतात बोअर आहे का, आणि कर्ज किती आहे?"

पुतण्याने खरे खरे सांगितले. त्यांचे उत्तर अजून यायचे आहे. या वेळी होकार-नकार त्यांच्या हाती आहे, आणि आम्ही वाट पाहतो आहोत.