पहिली क्रूझ: कशाला घाबरायचं आणि कशाला नाही

नवी मुंबईत क्रूझचा विषय निघाला की एक प्रश्न ठरलेला असतो: ‘जहाज जेएनपीटीवरूनच सुटतं ना?’ नाही. जेएनपीटी म्हणजे न्हावा-शेवा, ते मालाचं बंदर आहे. प्रवासी क्रूझ सुटतात त्या मुंबईत बॅलार्ड पिअरहून. तिथल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन 20 सप्टेंबर 2025 रोजी झालं. उलवे-पनवेलकरांना अटल सेतूने शिवडी आणि पुढे ईस्टर्न फ्रीवे सोयीचा. वाशी-नेरूळकरांनी हार्बर लोकलने सीएसएमटी गाठलं, तर तिथून टॅक्सीने थोडंच अंतर उरतं. मात्र वेळ हातात ठेवून निघा. जहाज सुटायच्या बरंच आधी चेक-इन बंद होतं आणि ट्रॅफिकची सबब तिथे चालत नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्यांशी बोलताना जाणवतं, की भीती नको त्या गोष्टींची असते आणि ज्यांची काळजी घ्यायला हवी, त्यांच्याबाबत माणसं गाफील राहतात.

‘बोट लागते’ ही भीती सगळ्यात मोठी. मांडव्याच्या लाँचमध्ये पोटात ढवळलं, म्हणून क्रूझही सोसणार नाही, असं अनेकजण धरून चालतात. पण लाँच आणि काहीशे फूट लांबीचं जहाज यांची तुलनाच होत नाही. बहुतेक क्रूझ जहाजांना पाण्याखाली पंखांसारखे स्थिरक असतात, ते डोलणं बरंच कमी करतात. शिवाय पश्चिम किनाऱ्यावरच्या क्रूझचा मुख्य हंगाम पावसाळा सोडूनच असतो. तरीही कोणाला त्रास होणारच नाही, असं नाही. आतला कान हालचाल सांगतो आणि डोळ्यांसमोरची भिंत स्थिर दिसते, या विसंगतीतून मळमळ होते. म्हणून केबिन घेताना जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर घ्या, तिथे हालचाल सगळ्यात कमी. ‘वरची म्हणजे चांगली’ हे त्रास होणाऱ्यांसाठी खरं नाही. गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यायची; उलट्या सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. अस्वस्थ वाटलं तर डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघा. उपाशी मात्र राहू नका.

बुडण्याची भीती आपल्याकडे जुनी आहे आणि तिला कारण आहे. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणातल्या कितीतरी घरांत ती आठवण अजून निघते. आजचे नियम फार वेगळे आहेत. आंतरराष्ट्रीय सफर करणाऱ्या प्रवासी जहाजावर जीवरक्षक नौका आणि तराफे मिळून, जहाजावर जितकी माणसं असतील त्याच्या सव्वापट माणसांची सोय असावी लागते. पण ही सोय उपयोगी पडायची तर कुठे जमायचं, हे प्रवाशाला ठाऊक हवं. आणि नेमकी ते शिकवणारी सुरक्षा कवायतच लोक टाळायला बघतात!

जानेवारी 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ ही क्रूझ खडकावर आदळली, 32 जणांचा जीव गेला. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत व्हायची होती. तोवर ती चोवीस तासांत कधीही घेतली तरी चालत असे. 1 जानेवारी 2015 पासून नियम बदलला: सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच ती घ्यावी लागते. केबिनच्या दाराला आतून लावलेला नकाशा आधी बघा, आपलं जमण्याचं ठिकाण कुठलं ते मुलांनाही दाखवा. सात छोटे आणि एक लांब भोंगा म्हणजे धोक्याचा इशारा. आजी-आजोबा बरोबर असतील तर जिन्याने तिथवर एकदा चालून या, कारण आणीबाणीत लिफ्ट वापरायची नसते.

‘तिकिटात सगळं आलं’ हा महागात पडणारा समज. राहणं, मुख्य रेस्टॉरंटमधलं जेवण, बरेचसे कार्यक्रम येतात. दारू, वायफाय, स्पा, किनाऱ्यावरच्या सहली, जहाजावरच्या डॉक्टरची फी हे बहुधा वेगळं. सगळं जहाजावरच्या कार्डावर चढत जातं, म्हणून रोजचा हिशेब बघा. परदेशी क्रूझला प्रवास विमा घ्याच. आणि किनारा सुटताच फोन फ्लाइट मोडवर टाका. भर समुद्रात तो जहाजाचं उपग्रह नेटवर्क पकडतो आणि त्याचे दर साध्या रोमिंग पॅकमध्ये सहसा येत नाहीत.

कागदपत्रांचं म्हणाल तर मुंबई-गोव्याला पासपोर्ट लागत नाही, कंपनीला चालणारं मूळ ओळखपत्र लागतं. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. लक्षद्वीपला प्रवेश परवाना लागतो. तिथे मोठं जहाज खोल पाण्यात थांबतं आणि छोट्या होडीने बेटावर नेतात. गुडघेदुखीवाल्यांनी हे आधी विचारून घ्यावं, आणि समुद्र खवळला तर उतरणं रद्दही होतं हे धरून चालावं. परदेशातली गफलत वेगळीच. अथेन्सजवळच्या पिरेअसहून निघून तुर्कस्तानात कुशादासीला जाऊन परत आलात, तर तुम्ही शेंगेन क्षेत्रात दुसऱ्यांदा शिरता. एकाच प्रवेशाचा व्हिसा तिथे पुरत नाही.

सामानात इस्त्री आणि पाणी तापवायची किटली नको. आगीच्या धोक्यामुळे त्या काढून ठेवल्या जातात. चढताना मोठ्या बॅगा वेगळ्या जातात आणि केबिनमध्ये उशिरा पोहोचतात, तेव्हा औषधं हातातल्या पिशवीत असू द्या. बहुतेक जहाजांवर शेवटच्या रात्री त्याच बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात. सकाळी घालायचे कपडे, चपला आणि ओळखपत्र तेवढं त्यांत भरू नका.