जाळे, पट्टा आणि नोंदवही

माणसांच्या वस्तीत वाढणाऱ्या जनावरांपासून रोगराई व इजा पसरू नये म्हणून शासन व स्थानिक संस्था जी व्यवस्था उभी करतात, तिला प्राणी-नियंत्रण म्हणतात. नंदुरबार जिल्ह्यात या व्यवस्थेचे सर्वांत ठळक दर्शन कुत्र्यांच्या नव्हे, तर कोंबड्यांच्या निमित्ताने घडले. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नवापूर येथे निश्चित झाला, तेव्हा पथकांनी थोड्याच दिवसांत लाखो पक्षी नष्ट केले, आणि २०२१ मध्ये हीच पाळी नवापूरवर पुन्हा आली. त्या पथकांना अंगभर संरक्षक पोशाख व प्रतिबंधक गोळ्या देण्यात आल्या आणि त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवण्यात आले. कारण जनावर हाताळणाऱ्या माणसाला जपणे हा रोगनियंत्रणाचाच भाग आहे, हे तेव्हा सर्वांना मान्य होते. भटकी कुत्री पकडणाऱ्या कामगाराच्या बाबतीत मात्र ही मान्यता अजून रुजायची आहे.

कुत्री मारून संख्या आटोक्यात आणण्याचा मार्ग जुना आहे आणि त्याला होणारा विरोधही जुनाच; १८३२ मध्ये मुंबईत कुत्री मारण्याच्या हुकुमावरून पारशी समाजाने दंगा केला होता. मारलेल्या कुत्र्यांच्या जागी आसपासची कुत्री येतात आणि उरलेल्या माद्या विणत राहतात, हे दीर्घ अनुभवाने पटल्यावर २००१ च्या केंद्रीय नियमांनी निर्बीजीकरण व लसीकरणाचा मार्ग घालून दिला. त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या नियमांनी अशा कुत्र्यांना ‘सामुदायिक प्राणी’ म्हटले, म्हणजे एका मालकाचे नसले तरी वस्तीच्या आश्रयाने जगणारे प्राणी.

हे सारे धोरण अखेर एका साध्या साधनावर उभे आहे. लांब दांड्याच्या टोकाला धातूचे कडे आणि कड्याला खोल पिशवीसारखे मजबूत जाळे, एवढेच ते साधन. पण ते चालवण्यात खरे कसब आहे. कुत्रा धावत असताना कडे त्याच्या अंगावर नव्हे, तर तो पुढच्या क्षणी जिथे असेल तिथे टाकावे लागते, आणि कडे जमिनीला टेकताच दांड्याला पीळ देऊन पिशवीचे तोंड मिटवावे लागते. पीळ उशिरा बसला तर कुत्रा निसटतो, आणि एकदा निसटलेला कुत्रा गाडीचा नुसता आवाज ओळखून गल्ली सोडतो. त्यामुळे पहिला फसलेला झेल पुढचे अनेक दिवस महाग पडतो, आणि निसटलेली मादी असेल तर एक वेतही पदरात पडते. चिमटे व तारेचे फास यांना नियमांनी मनाई केली आहे. ही मनाई योग्यच आहे, कारण फासाने गळा आवळलेले जनावर जिवाच्या आकांताने चावते आणि तो चावा पकडणाऱ्याच्याच मनगटावर बसतो.

पकडण्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे नोंद. निर्बीजीकरण केंद्रात पोहोचताच कुत्र्याच्या गळ्यात क्रमांकाचा पट्टा अडकवला जातो, तो क्रमांक पकडल्याच्या जागेशी जुळवला जातो आणि शस्त्रक्रिया, लस व कानाची ओळखखूण झाल्यावर कुत्रा त्याच जागी सोडला जातो. वस्तीतील सुमारे सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते. गोव्याने ‘मिशन रेबीज’ या संस्थेच्या साहाय्याने २०१४ पासून सातत्याने हे काम केले आणि २०२१ मध्ये ते रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झाले. तिथे जाळेवाल्यांना प्रशिक्षण, गाडी आणि रोजचे ठरलेले क्षेत्र मिळाले, हे त्या यशाचे मोठे कारण मानले पाहिजे.

नंदुरबारमध्ये हेच करायचे तर अडचणी डोंगराएवढ्या आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सहापैकी पाच माणसे खेड्यापाड्यांत राहतात, सातपुड्यातील पाडे विखुरलेले आहेत, आणि नियम मात्र केंद्र, पिंजरे, शस्त्रक्रियागृह व किमान दोन हजार शस्त्रक्रियांचा अनुभव असलेला पशुवैद्य मागतात. असा पशुवैद्य छोट्या नगरपालिकेने कुठून आणावा? काम ठेक्याने दिले आणि पैसे शस्त्रक्रियांच्या संख्येवर मोजले, तर सहज हाती लागणारी कुत्री आधी पकडली जातात आणि बुजऱ्या माद्या मागे राहतात. पकडणारा रोजंदारीवर असेल तर त्याला चावा बसण्याआधी घ्यायची रेबीजची लस कोणी द्यायची, हा प्रश्न ठेकेदार व पालिका यांच्यामध्ये लोंबकळत राहण्याची भीती असते; आणि रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

त्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वे स्थानके यांच्या आवारातून पकडलेली कुत्री तिथे परत न सोडता निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. त्या आवारातील लेकरांची आणि रुग्णांची काळजी रास्तच आहे, पण निवाऱ्याची जागा, रोजचे अन्न आणि राखणारी माणसे यांचा भार त्याच तोकड्या मनुष्यबळावर येतो. नवापूरचे रेल्वे स्थानक तर अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. त्या फलाटावर पकडलेल्या कुत्र्याचा क्रमांक कोणत्या राज्याच्या नोंदवहीत चढवायचा, हे जाळे हाती घेण्याआधी ठरवावे लागेल.