पेन ड्राइव्ह उघडेना, तेव्हा

मार्चअखेर आली की नागपूरच्या इतवारीतील पेढ्यांवर रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतात. वर्षभराचा जमाखर्च, विक्रीची बिले आणि मालसाठ्याची यादी संगणकातून पेन ड्राइव्हवर उतरते व तो बोटाएवढा तुकडा सनदी लेखापालाकडे रवाना होतो. तेथे मात्र पडद्यावर सूचना झळकते : वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करा. घाईघाईने होकार देणे, हीच अशा वेळी सर्वांत महाग पडणारी चूक होय.

वहीचे अनुक्रमणिकेचे पान फाटले, तरी आतील नोंदी शाबूत असतात. येथेही बहुधा तेच घडलेले असते. फॉरमॅट केल्यास नवी कोरी अनुक्रमणिका तयार होते, जुनी मात्र पुसली जाते. म्हणून पहिला नियम एकच : बिघडलेल्या ड्राइव्हवर नवीन काहीही लिहू नये.

प्रथम ड्राइव्ह दुसऱ्या पोर्टमध्ये, शक्यतो संगणकाच्या मागील बाजूच्या पोर्टमध्ये लावून पाहावा. मग दुसऱ्या संगणकावर. अनेकदा दोष जोडणीचाच निघतो. तरीही तो दिसत नसेल, तर विंडोजमधील ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. तेथे योग्य क्षमतेसह ड्राइव्ह दिसत असल्यास कधी केवळ अक्षर नेमून देण्याने काम भागते. झेरॉक्सच्या दुकानातून परतलेल्या ड्राइव्हवर फाइलींऐवजी नुसते शॉर्टकट दिसत असतील, तर ते उघडू नयेत. तो विषाणूचा उपद्रव असतो आणि मूळ फाइली बहुधा लपवलेल्या असतात. ड्राइव्ह ‘फक्त वाचनासाठी’ खुला होत असेल, तर सर्व माहिती तत्काळ अन्यत्र उतरवून घ्यावी. झिजलेला ड्राइव्ह कधीकधी अशीच शेवटची संधी देतो.

‘टेस्टडिस्क’ व ‘फोटोरेक’ ही हरवलेल्या फाइली शोधणारी साधने विनामूल्य मिळतात. मात्र सापडलेली माहिती त्याच ड्राइव्हवर साठवू नये. दुरुस्तीची आज्ञाही माहिती बाहेर काढल्यानंतरच द्यावी. ड्राइव्ह वाकला असेल, तापत असेल किंवा कोणत्याच संगणकाला दिसत नसेल, तर घरगुती प्रयोग थांबवून जाणकाराकडे जावे.

या साधनाची मर्यादा त्याच्या घडणीतच आहे. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये जगापुढे मांडलेली फ्लॅश स्मृती सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार कोंडून माहिती जपते. प्रत्येक लेखनाने कप्पे थोडे झिजतात, काळाच्या ओघात भार हळूहळू गळतो आणि उष्णतेने ही गळती वाढते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या नागपुरात उन्हात उभ्या गाडीत ड्राइव्ह विसरणे म्हणूनच बरे नव्हे.

प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. २०२३-२४ च्या विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती; म्हणजे त्या वर्षाचे हिशेब २०३० च्या अखेरपर्यंत हाताशी हवेत. इतक्या काळासाठी एका पेन ड्राइव्हवर विसंबणे व्यवहाराला धरून नाही. तो माहिती नेण्या-आणण्याचे साधन आहे, तिजोरी नव्हे.

एकमेव प्रतीची जोखीम जैन समाजाला नवी नाही. ‘धवला’ टीकेची ताडपत्रे शतकानुशतके मूडबिद्रीतच जपली गेली. पुढे त्यांच्या नकला झाल्या, म्हणूनच डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ मध्ये अमरावतीहून पहिला खंड छापून प्रसिद्ध होऊ शकला.

पेढीवरही हाच धडा उपयोगी पडतो. हिशेबाची एक प्रत संगणकात, दुसरी बाह्य हार्ड डिस्कवर आणि तिसरी घरी किंवा क्लाउडवर असावी. महिन्यातून एकदा त्यातील एखादी फाइल उघडूनही पाहावी. न उघडलेल्या प्रतीवर भरवसा ठेवणे म्हणजे न मोजलेल्या गल्ल्यावर हिशेब मिटवणे होय.